तिसऱ्यांदा विचारल्यावर

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिलाच शनिवार या बैठकीसाठी धरणं फक्त मार्लिसलाच सुचू शकतं, असं ड्वेन ब्रेके कुणाला म्हणाला नाही. त्यानं एवढंच केलं, की डोक्यावरची नारिंगी शिकारी टोपी काढली नाही. चर्चच्या तळघरात गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीत तो टोपीसकट येऊन बसला, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ब्रेके घराण्यात कडाक्याचं भांडण म्हणतात ते हेच.

मार्लिसला कळलंच. सख्खा भाऊ तो. पण तिनं तो राग नाकानं आत घेतला आणि तोंडानं बाहेर सोडला. हेच शिकवण्याचा ती आता पगार घेत होती.

प्राध्यापक मार्लिस ब्रेके हिची कारकीर्द एल्व्हडाल गावाला तोंडपाठ होती, कारण तिच्या आईनं ती चर्चच्या बातमीपत्रात वेळोवेळी छापून आणली होती. आधी ती कोर्टात मुलांच्या बाजूनं उभी राहायची. ज्या मुलांना सरकारनं आईबापांकडून काढून घेतलंय, त्यांची वकील. मग सेंट पॉल शहरातल्या कायदा महाविद्यालयात ती अशा वकिलांना शिकवायला लागली. मग त्या वकिलांना झोप का लागत नाही, ती का पितात, यावर लिहायला लागली. आणि आता वकिलांच्या मनःस्वास्थ्याचं एक केंद्रच तिच्या नावावर होतं, आणि श्वास कसा घ्यावा, नाही कसं म्हणावं, हे सांगत ती देशभर हिंडायची. दर पायरीला मान वाढला, दालन मोठं झालं, आणि मुलं एकेक पायरी लांब गेली. तिच्या पहिल्या पुस्तकाचं नाव मात्र अजून लोक काढायचे: ‘आधी मुलाला विचारा’.

आजचं मूल केना होतं. मार्लिसची गेल नावाची धाकटी बहीण कर्करोगानं वारली होती, तिच्या मुलाची, कोडीची, ही नऊ वर्षांची मुलगी. कोडी कोर्टाच्या हुकमानं व्यसनमुक्ती केंद्रात होता. केनाची आई राज्य सोडून गेली ती गेलीच. पोरीला सरकारनं शेजारच्या जिल्ह्यात एका परक्या कुटुंबात ठेवलं होतं आणि त्या कुटुंबालाही आता ती जड झाली होती. सोमवारी सकाळी न्यायाधीशबाई विचारणार होत्या, घरचं कुणी आहे का? नसेल तर पुढचं घर पार कॅनडाच्या सरहद्दीजवळ, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

म्हणून ही बैठक. पद्धत मार्लिसचीच, राज्यात ती रुजवली तिनंच. नातेवाइकांना गोलात बसवायचं, सरकारी माणसानं परिस्थिती सांगायची, आणि मग सरकारी माणसं, तज्ज्ञ, झाडून सगळ्यांनी बाहेर जायचं. दार बंद करून घरच्यांनी ठरवायचं. बाहेरच्यानं चकार शब्द काढायचा नाही. या ‘घरच्यांच्या वेळे’वर तिचं व्याख्यान इतकं गाजलं होतं, की परक्या राज्यांतल्या समाजसेविका ऐकताना रुमाल काढायच्या.

आपल्या घरची बैठक आपणच चालवू नये एवढी अक्कल तिला होती. पण ती दुसऱ्या कुणी चालवली, तर आपण गोलातल्या एका खुर्चीत अडकू, हेही तिला दिसत होतं. सेंट पॉलला तिचं घर, एकटीचं, वर तीन खोल्या. सगळे मिळून पोर आपल्या गळ्यात मारणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. येताना गाडीत तिनं नकार घोटून तयार केला होता: ‘माझं केनावर प्रेम आहे, आणि म्हणूनच मी माझ्या मर्यादा ओळखते.’ आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरलं होतं. वाक्य इतकं छान जमलं होतं, की ते म्हणायची तिला जवळजवळ घाई झाली होती.

तळघरात खरं राज्य लव्हॉनचं, म्हणजे ड्वेनच्या बायकोचं. चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्या गळ्यात. खिम्यावर बटाट्याच्या गोळ्या लावलेलं भलंमोठं हॉटडिश भट्टीत गेलं होतं, हिरवी जेली थरथरत होती, आणि लिंबाच्या वड्यांची ताटली तिनं हातात घेतली होती.

एल्व्हडालमध्ये ताटली फिरते तिची एक रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको नको, पोट भरलंय. दुसऱ्यांदा विचारलं की, अगं खरंच नको, तुम्हालाच पुरायच्या नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, अर्धीच दे. तिसरं विचारणं हेच खरं. आधीची दोन तोंडदेखली, आणि ती तोंडदेखली आहेत हे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक. या गावात शेतांची अदलाबदल, आजारपणातली मदत, काही लग्नंसुद्धा अशीच ठरली आहेत. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस इथं कुणी पाहिला नव्हता.

सरकारी समाजसेविका येर शिओंग केनाला घेऊन जिना उतरली. येर तरुण होती, नीटनेटकी, आणि मार्लिसची पुस्तकं वाचून या कामात आलेली. केनाच्या पाठीला दप्तर होतं आणि अंगात कुणातरी मोठ्या मुलीचं जाकीट. बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी वळकटी झाली होती.

लव्हॉननं ताटली पुढं केली. ‘‘घेतेस का बाळा एक?’’

‘‘हो,’’ म्हणून केनानं वडी उचलली. अख्खी.

लव्हॉनचा हात तसाच राहिला. तिचं दुसरं ‘घे गं’ ओठावर तयार होतं, त्याचं काय करावं तिला कळेना. ड्वेननं बुटांकडं पाहिलं. मार्लिसची आई आर्डिस अठ्ठ्याऐंशीची होती. तिनं कानातलं यंत्र उगाच चाचपलं.

पोरीच्या ते लक्षात आलं. ‘‘परत ठेवू का?’’

‘‘नाही नाही, खा की.’’

‘‘तिथं नाही म्हटलं की ताटली पुढं जाते,’’ केना म्हणाली, आणि वडी कागदी रुमालात गुंडाळून तिनं खिशात ठेवली.

तिथं म्हणजे कुठं, ते कुणी विचारलं नाही. मार्लिसनं हलक्या हातानं तिला वर पाठवलं, रविवारच्या शाळेच्या खोलीत. तिथं रंगखडू आहेत, चित्र काढ म्हणाली. येरनं अदबीनं आठवण दिली, की प्राध्यापकांच्या पुस्तकात तर मूल गोलात बसावं असं आहे. मार्लिस म्हणाली, प्रत्येक प्रसंग वेगळा असतो, मोठ्यांच्या बोलण्याचा भार मुलावर कशाला. पुस्तकातली मुलं दुसऱ्यांची होती, एवढाच काय तो फरक.

मग तिनं पिशवीतून पितळी वाटी काढली, लाकडी दांडीनं वाजवली आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. आत चार, रोखा चार, बाहेर चार. ड्वेननं टोपीखालून श्वास घेतला, गोठ्यातल्या बैलासारखा. आर्डिसच्या कानातलं यंत्र वाटीच्या नादाला शिट्टी देत राहिलं. लव्हॉन मधेच उठून भट्टी बघून आली. ड्वेनची मुलगी ब्रिटा तेवढी शिस्तीत बसली होती, मांडीवर हात, मान किंचित कलती. श्वास संपला तरी तिनं डोळे उघडले नाहीत. तिला झोप लागली होती.

ब्रिटा जिल्ह्याच्या कोर्टात गरिबांची सरकारी वकील. घराण्यातली दुसरी वकील, मार्लिसच्याच शब्दावर त्या वाटेला गेलेली. आईनं दंडाला हात लावला तशी ती जागी झाली आणि सवयीनं म्हणाली, ‘‘हो, न्यायमूर्ती.’’

येरनं सोमवारचं सगळं समजावून सांगितलं, सरहद्दीजवळच्या घराचंही. आणि मग ब्रेके कुटुंब बोलायला लागलं, म्हणजे ब्रेके बोलतात तसं, भिंतीशी.

लव्हॉन जेलीकडं बघून म्हणाली, की पोर गोड आहे, आम्हाला काय, आम्हाला आवडलंच असतं. पण तिचे गुडघे आहेत. आणि यंदा त्यांनी मागं जोडायची फिरती घरगाडी घेतली होती. जन्मभराचे हिवाळे इथं काढल्यावर हा पहिला हिवाळा ॲरिझोनात, उन्हात. पडदेसुद्धा शिवून झाले होते. आर्डिस छताकडं बघून म्हणाली, सेंट पॉलला शाळा चांगल्या आहेत म्हणे. लव्हॉन म्हणाली, घरंही मोठी असतात तिकडं. ड्वेन म्हणाला, हं.

मार्लिसनं आवाज खाली आणला, वाक्य जिभेवर घेतलं. आणि तिच्या लक्षात आलं, की ते म्हणता येत नाहीये. कारण तिला कुणी विचारतच नव्हतं. छताला विचारत होते, जेलीला विचारत होते. न विचारलेल्याला नकार देणार कसा? देशभर नाही म्हणायला शिकवणारी बाई ‘नाही’ तोंडात धरून बसली, आणि ते गिळता येईना की थुंकता येईना.

तिची सुटका केली ब्रिटानं, किंवा तशी ती वाटली.

‘‘आत्याला मधे ओढू नका,’’ ब्रिटा म्हणाली. ‘‘तिला मर्यादा आहेत. ती शिकवतेच ते. वसंतात आम्हा सगळ्या सरकारी वकिलांना तिनं एक दिवस शिकवलं.’’

‘‘उपयोग झाला ना गं?’’ मार्लिसला राहवलं नाही.

‘‘झाला ना. त्या दिवसाची सगळी कामं दुसऱ्या दिवशी लागली. मी गाडीत बसून चार-चार-चार श्वास घेतले. मग रडले. मग आत गेले.’’

मार्लिस म्हणाली, रडू येणं हे निरोगी लक्षण आहे. हे ती खरोखर म्हणाली. ब्रिटानं तिच्याकडं पाहिलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी जिचा फोटो तिनं टेबलावर ठेवला होता त्या आत्याकडं. नंतर ती म्हणाली, की मी केनाला डोळे झाकून घेतलं असतं, पण मी घरी असते कुठं? सकाळी सहाला बाहेर पडते, रात्री कागद घेऊन परत येते. पोर माझी वाट बघत खिडकीत बसेल, आणि अशा पोरांचे बाप मी रोज कोर्टात बघते. लव्हॉननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मार्लिसकडं बघितलं नाही. त्या न बघण्यात बरंच काही होतं.

येरनं घड्याळ पाहिलं. आता घरच्यांची वेळ सुरू होते म्हणाली. मी बाहेर जाते. आणि मग तिनं, अगदी सरळ मनानं, पुस्तकात लिहिलंय तसंच विचारलं:

‘‘प्राध्यापक ब्रेके, तुम्ही आज घरच्या म्हणून आहात की तज्ज्ञ म्हणून?’’

आता मात्र सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. छत, जेली, बूट सोडून, सगळ्यांनी. आणि मार्लिसला दार दिसलं.

‘‘तज्ज्ञ म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘कुणीतरी तटस्थ राहायला हवं.’’

‘‘काय म्हणाली ती?’’ आर्डिसनं विचारलं.

‘‘तज्ज्ञ म्हणून आलीय म्हणते, आई,’’ ड्वेन म्हणाला.

‘‘बरं,’’ म्हणून आर्डिसनं हात मांडीवर दुमडले.

मार्लिसनं वाटी उचलली आणि जिना चढून गेली. इतका सोयीचा नियम लिहून ठेवल्याबद्दल तिनं स्वतःचे मनापासून आभार मानले.

येर फोन करायला गाडीत जाऊन बसली. शनिवारी वरच्या मजल्यावर हीटर बंद असे, तोंडातून श्वासाची वाफ निघत होती. ऊब होती ती फक्त रविवारच्या शाळेच्या खोलीत, केनासाठी लावलेल्या छोट्या शेगडीची. जायचं नव्हतं, पण मार्लिसला तिथंच जावं लागलं. खुर्च्या पाचसहा वर्षांच्या पोरांच्या. ती बसली तेव्हा गुडघे हनुवटीला आले.

केना चित्र काढत नव्हती. ती खडू रंगांप्रमाणे लावत होती.

‘‘तू जज आहेस?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही. मी वकिलांना शिकवते.’’

‘‘काय शिकवतेस?’’

मार्लिसकडं यावर मोठी उत्तरं होती. ती लहान शोधायला गेली. ‘‘शांतपणे श्वास कसा घ्यायचा ते.’’

केनानं खडू ठेवला. ‘‘त्यांना येत नाही?’’

‘‘विसरतात.’’

‘‘माझ्या वकिलाला येतो,’’ केना म्हणाली. ‘‘पण तो एकदाच आला होता. पळत आलेला, म्हणून जोरात घेत होता.’’

मार्लिसला या वाक्यावर एक अख्खा शोधनिबंध दिसला. तो तिनं बाजूला सारला, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

‘‘पणजी म्हणाली तू लहान मुलांसाठी काम करतेस, मार्लिस आजी.’’

आजी हा शब्द तिला टोचला. ‘‘पूर्वी करायचे.’’

‘‘संपली का मुलं?’’

‘‘नाही. संपत नाहीत.’’

केनानं मान हलवली. तिलाही तसंच वाटलं होतं. मग तिनं विचारलं, तुझ्याकडं कुत्रा आहे का? नाही. मांजर? नाही. घर मोठं आहे? आहे. मग वर काय आहे? मार्लिसनं सांगितलं: एका खोलीत पुस्तकं, एकीत व्यायामाची सायकल, एक पाहुण्यांची.

‘‘कोण पाहुणे येतात?’’

खरं उत्तर आलं ते मार्लिसलाच आवडलं नाही. ‘‘तसं कुणी नाही.’’

‘‘सायकल कुठं जाते?’’

‘‘कुठंच नाही. जागच्या जागी चालवायची.’’

केना पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात मोठे होते, अगदी गेलचे. गेल अशीच हसायची, जेवताना, प्रार्थनेच्या मधेच, आणि मार खायची मार्लिस. आता विचारायला हवं होतं. एकच प्रश्न, तिच्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा: तुला काय हवंय? तीस वर्षं तिनं विद्यार्थ्यांना बजावलं होतं, की या प्रश्नापाशी वकील डगमगतो, कारण उत्तर आलं तर काहीतरी करावं लागतं. मार्लिसनं तोंड उघडलं आणि म्हणाली, यंदा थंडी लवकर पडली नाही का?

‘‘हो,’’ केना म्हणाली, आणि परत खडूंकडं वळली.

खालून ब्रिटानं हाक मारली. येरही आत आली आणि तिनं केनाचा हात धरला. ठरलेलं सगळं सही होण्याआधी मुलानं आपल्या कानानं ऐकलं पाहिजे, ती म्हणाली, तुमचंच वाक्य आहे प्राध्यापक, आमच्या कचेरीत भिंतीवर लावलंय. मार्लिस मागून उतरली.

तळघरात हॉटडिशचा वास भरला होता. लव्हॉनचे डोळे लाल होते, पण हातात कॉफीची किटली होती, म्हणजे निर्णय झाला होता. आणि ड्वेनची टोपी गुडघ्यावर होती. त्याचं पांढरं, कधी ऊन न लागलेलं कपाळ उघडं पाहून मार्लिसला कसंतरीच झालं. ते तिनं बापाच्या दफनानंतर पाहिलं नव्हतं.

ब्रिटानं सांगितलं. केना ड्वेन आणि लव्हॉनकडं राहील. फिरती घरगाडी कोठारातच राहील, ॲरिझोना पुढल्या साली बघू. ड्वेन हिवाळ्यात शाळेची बस चालवतोच, तो केनाला नेईल-आणील. शनिवार-रविवार ब्रिटाचे. तिनं एक सहकारी गाठला होता, आठवड्याच्या शेवटी कागद त्याच्याकडं. आर्डिस रोज संध्याकाळी फोनवर पाढे घेईल, आणि मोज्यांचं बघेल. कपड्यांचं गेलच्या शाळेतल्या मैत्रिणी बघतील.

‘‘आणि मार्लिस आत्या,’’ ब्रिटा म्हणाली, ‘‘लागेल तसा सल्ला.’’

झालं. मार्लिसला हवं होतं ते न मागता पदरात पडलं. पोर घरातच राहत होती आणि तिच्या घरात येत नव्हती. घोटलेलं वाक्य वापरावंही लागलं नाही. आता नाकानं श्वास घेऊन शांत व्हायचं. पण तिला तोंडात मारल्यासारखं झालं. लव्हॉन, जिला कादंबऱ्या वाचायच्या होत्या आणि ऊन खायचं होतं, ती पोर घेत होती. आणि आपलं नाव कुणी साधं सुचवलंसुद्धा नाही?

व्याख्यानातल्या आवाजात तिनं विचारलं, की इतर पर्यायांचा विचार झाला का?

‘‘नाही,’’ ड्वेन म्हणाला.

‘‘म्हणजे, माझ्या घराबद्दल कुणी—’’

‘‘तू बाहेर होतीस ना,’’ आर्डिस म्हणाली.

‘‘तो नियम आहे, आई. पण मी घरचीच आहे.’’

‘‘मग बाहेर का गेलीस?’’

आर्डिस रागानं म्हणाली नव्हती. आज मासे का नाही आणलेस, असं विचारावं तसं विचारलं होतं. मार्लिसला यावर एकही श्वास आठवेना. सगळे वाट बघत होते, येरसुद्धा, पेन उघडून. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि अशा वेळी एल्व्हडालची बाई जे करते तेच तिनं केलं. तोंडदेखलं विचारलं.

‘‘तसं माझं घर आहेच म्हणा,’’ ती म्हणाली. ‘‘केनाला यायचं असेल तर.’’

आणि लव्हॉन, भली बाई, तिनं रीत पाळली. घरगाडीचे पडदे, गुडघे, सगळं गिळून ती म्हणाली, ‘‘छे गं, तुला कुठं त्रास? तुझी व्याख्यानं, विमानं.’’

मार्लिसच्या खांद्यांवरचा ताण उतरला. एक नकार पडला होता. आता आणखी एकदा विचारायचं, जरा मवाळ आवाजात, म्हणजे दुसरा नकारही सहज पडेल आणि मग सगळे जेवायला बसतील. विचारलं होतं, एवढं तिच्या नावावर राहील.

‘‘त्रास कसला,’’ ती म्हणाली. ‘‘तीन खोल्या रिकाम्याच तर आहेत.’’

‘‘बरं,’’ केना म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. तिचं लक्ष मार्लिसकडं होतं.

‘‘सायकलची चालेल मला. सायकल राहिली तरी चालेल.’’

कॉफीची किटली लव्हॉनच्या हातात वाकडी झाली आणि चार थेंब फरशीवर पडले. तिनं पुढं होऊन म्हटलं, ‘‘बाळा, मार्लिस आजीला तसं नव्हतं...’’ आणि थांबली. कारण पुढचं वाक्य म्हणजे या तळघरात गेल्या शंभर वर्षांत जे कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं ते म्हणणं होतं.

येर या गावची नव्हती. तिनं पेन टेकवलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, ‘‘प्राध्यापक, तुम्ही मनापासून विचारलंत ना?’’

ब्रिटा मार्लिसकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत कुत्सितपणा असता तर बरं झालं असतं. पण तिथं आशा होती, जुनी, जवळजवळ विझलेली. मार्लिसनं घोटलेलं वाक्य आठवलं, मर्यादांचं, आवाज कुठं खाली आणायचा ते. सगळं जागेवर होतं. एक शब्द पुरला असता. तिचं भाषणच होतं, की तो एक शब्द म्हणजे पूर्ण वाक्य असतं.

केनानं ती शांतता ओळखली. अशा शांतता तिच्या ओळखीच्या असणार. तिनं जाकिटाची बाही आणखी एकदा दुमडली आणि समजूतदार, सराईत आवाजात म्हणाली, ‘‘नको असेल तर राहू दे. मला इथंही आवडेल.’’

हा दुसरा नकार. पोरीला रीत माहीत नव्हती, कुणी शिकवली नव्हती, पण पडला तो दुसराच. एक लव्हॉनचा, एक हिचा. आता उरलं होतं ते तिसरं विचारणं, आणि ते कसं धरतात हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं. ड्वेनची बोटं टोपीच्या कडेवर थांबली. आर्डिसनं मान पुढं केली, कानातलं यंत्र मार्लिसच्या दिशेनं.

मार्लिस घाबरली होती. इतकी ती कुठल्याच न्यायाधीशासमोर घाबरली नव्हती. तिला विमानं दिसली, पाढे दिसले, रात्रीचा ताप, शाळेतून येणारे फोन, खिडकीत बसलेली पोर. मग ते मोठे दोन दात दिसले, बंद ओठांआड असलेले. तिनं पितळी वाटी खुर्चीवर ठेवली आणि केनासमोर वाकली. श्वास आत गेला होता तो तसाच राहिला, चार मोजायचे ती विसरली.

‘‘केना, तुला काय हवंय?’’ तिनं विचारलं. ‘‘येतेस माझ्याकडं?’’

केनानं तिच्याकडं जरा दयेनंच पाहिलं, मोठ्या माणसांना एकच गोष्ट किती वेळा सांगावी लागते या विचारानं.

‘‘मी मघाशीच हो म्हटलं की,’’ ती म्हणाली, आणि दप्तर आणायला वर गेली.